मुराळ्याची गाडी

पाणी माझ्या भावाच्या हनुवटीला लागलं होतं आणि त्याचा उजवा पाय निघत नव्हता. गाडी फरशीवरून तिरकी होऊन नाल्यात घसरली होती. त्याची बाजू खाली, माझी वर. मी माझ्या सीटवर गुडघे टेकून एका हाताने त्याची मान उचलून धरली होती आणि दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यावर पितळी परात धरली होती. ही परात मी भावजयीसाठी घेतली होती. वरून गारा पडत होत्या. नंतर लोकांनी लिंबाएवढ्या म्हणून सांगितल्या, तेवढ्या नव्हत्या. सुपारीएवढ्या होत्या, काही आवळ्याएवढ्या. पण गाडीच्या कापडी छताच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि टकलावर सुपारीसुद्धा पुष्कळ होते. परातीवर एवढा आवाज होत होता की तो काय बोलतो ते मला त्याच्या ओठांकडे बघून समजून घ्यावं लागत होतं.

"अक्का, तू निंघ. वर चढी जाय."

"गप बैस," मी म्हटलं. "तोंड मिट, पानी जाई."

तो एकाहत्तर वर्षांचा, मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता आणि दुपारचे दोन वाजून गेले होते. पारोळ्याच्या अलीकडे हायवे सोडला की आमच्या माहेरच्या गावाकडे एक रस्ता जातो, त्या रस्त्यावरचा हा नाला. एरवी त्यात शेळीचं खूर भिजत नाही, म्हणून त्याच्यावर पूलही कधी बांधला नाही. नुसती सिमेंटची फरशी आहे, बिनकठड्याची. आजूबाजूला शिवारात एक माणूस नव्हता. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे सालाने राहणाऱ्या शेतगड्याचं, वर्ष आखाजीला संपतं. जुना मालक सोडायचा, नवा धरायचा, त्या दिवशी कोणी कोणाच्या शेतात नसतं. वर्षातले बाकीचे सगळे दिवस त्या ठिकाणी हाक मारली असती तर दहा माणसं धावली असती.

मी हाक मारली तरी कोणाला ऐकू गेली नसती. तरी मारत होते.

आता हे झालं कसं ते सांगते, कारण गावात वेगळं सांगतात.

आखाजीला लेक माहेरी जाते आणि तिला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझं सासर नशिराबाद. गेली पंधरा-वीस वर्षं माझा मुराळी म्हणजे माझा भाचा, त्याच्या मोटारसायकलवर. यायचा, चहा प्यायचा, मला मागे बसवायचा आणि मी पडते की काय या भीतीने पाठ ताठ करून गाडी हाकायचा. पण त्या वर्षी पौषात आमची माय गेली. नव्वदीच्या पुढे होती. तिच्या नावाची पहिली घागर त्या आखाजीला भरायची होती. भावाने फोन केला, "औंदा मी सोता येस. गाडी लई येस."

गाडी म्हणजे ती गाडी. दोनच सीटांची, बुटकी, वर उघडी, दुधी रंगाची. अमळनेरला एका तेलाच्या गिरणीत तो फिटर होता. मालकाच्या मुलाने तरुणपणी ती कुठूनशी आणली होती, दोन वर्षं उडवली आणि टाकून दिली. गिरणी बंद पडली तेव्हा गाडी शेडमध्ये होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. भावाने मागितली, त्यांनी दिली. ट्रॅक्टरला बांधून घरी आणली आणि नऊ वर्षं तिच्याखाली झोपून काढली. काही भाग भंगारातून आणले, काही स्वतः कानस घासून बनवले. माझ्या भावजयीला कोणी विचारलं, लेकरं किती, तर ती म्हणायची, दोन घरात आणि एक पत्र्याखाली.

गाडी तयार झाली आणि त्याने एक नेम केला. आभाळात पंजाएवढा ढग दिसला तरी गाडी बाहेर काढायची नाही. पावसाळ्याचे चार महिने ती ताडपत्रीखाली. गावातली पोरं त्याला विचारायची, "नाना, आज ढग नही, पन रस्तामा बकरी मुतनी तं काय करशात?" तो म्हणायचा, "तुले उतरीसन पुसाले लावसू." चिडायचा नाही. पण नेम मोडायचा नाही. एकदा लग्नाच्या वरातीला गाडी नेली होती, चार थेंब पडले तर नवरदेवाला खाली उतरवून गाडी घेऊन घरी आला. त्यावरून वर्षभर भांडण चाललं.

मला तो सगळा लाडच वाटायचा. म्हाताऱ्या माणसाचं खेळणं. त्याने मला कारण सांगितलं नव्हतं असं नाही. दोन-तीनदा सांगितलं होतं. या गाडीत इंजिनाला ठिणगी देणारं डबडं फार खाली बसवलंय, तिथे पाणी गेलं की गाडी जागेवर बसते. ब्रेक भिजले की धरत नाहीत. तो बोलायचा तेव्हा मी निवडत असलेले तांदूळ निवडायचे. ऐकलं होतं, पण घेतलं नव्हतं.

सकाळी तो नशिराबादला आला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. माझ्या मुलाने त्याच्या मोबाइलवर आलेला निरोप दाखवला, दुपारनंतर वादळाचा इशारा. भाऊ अंगणात जाऊन चारही दिशांना बघून आला आणि म्हणाला, "दुपारले घर जाई पोचसूत." सुनेने माझी ओटी भरली, मी उंबरा ओलांडला आणि त्या गाडीत बसले. बसले म्हणजे काय, जमिनीवर फतकल मारून बसावं तशी बसले. सगळी आळी बघत होती. एका बाईने विचारलं, "आते उतरशात कश्या?" मी म्हटलं, "माहेर उतरसू, तठे मानसं शेतस." ते मला फार आवडलं होतं, हेही सांगते. जळगाव बाहेरून टाकून गिरणेचा पूल ओलांडला, पाळधी गेलं. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि मोटारसायकलवरची पोरं बाजूने फोटो काढत होती. पंच्याहत्तर वर्षांत माझे तेवढे फोटो कोणी काढले नव्हते. भाऊ गाडी संथ चालवत होता. वाटेत दोनदा थांबून त्याने पुढचं झाकण उघडून बघितलं, त्यात वेळ गेला.

एरंडोलच्या पुढे त्याने गाडी बाजूला घेतली. धुळ्याच्या अंगाने आभाळ चढत होतं. काळं नव्हतं. जांभळट होतं आणि त्याच्या कडेला पिवळं, सुजलेल्या डोळ्यासारखं. वारा एकदम पडला होता. रस्त्याला लागून एक कापसाचं जिनिंग होतं, त्याच्या फाटकासमोर आम्ही उभे.

"अक्का, हाई आभाय गारास्नं शे."

"मंग?"

"गाडी आठे लाई देऊत. वॉचमन वळखीना शे. आपन एसटीमा बसी जाऊत."

"आखाजीनी एसटी तू देखी नही का? पाय ठेवाले जागा ऱ्हास नही."

"मंग थांबूत. दोन तासमा निंघी जाई."

घरी सगळी माणसं उपाशी बसली होती. घागर भरून झाली होती, पण आगारी टाकायची राहिली होती. आधी पितरांच्या नावाने चुलीतल्या विस्तवावर घास टाकायचा आणि मग जेवायचं, तो नियम. भावजय फोनवर म्हणाली होती, तुम्ही आल्याशिवाय टाकणार नाही. म्हणजे लहान लेकरंसुद्धा थांबलेली. आणि दुसरं, आखाजीला निघालेली लेक वाटेतून परत फिरत नाही की वाटेत मुक्काम करत नाही. फिरली तर ते माहेरच्या वाईटाचं समजतात. पौषात एक वाईट होऊन गेलं होतं, दुसरं मला नको होतं. भाऊ परत फिरा म्हणत नव्हता, थांबा म्हणत होता. माझ्या लेखी ते एकच होतं.

मी म्हटलं, "मायले पानी देनं शे, आन तू गाडीले पानी लागू देत नही."

त्याने परत आभाळाकडे बघितलं.

"इतला जीव कधी मायवर लावा व्हता का?"

हे मी म्हटलं. माय तीन वर्षं अंथरुणाला होती. तिचं धुणं, पुसणं, भरवणं त्याने आणि भावजयीने केलं. मी आखाजीला नि दिवाळीला जाऊन चार दिवस राहून यायची. तिथे उभी असताना मला ते माहीत होतं, आणि तरी मी म्हटलं, कारण त्या बोलण्याने तो हलेल हे मला माहीत होतं.

त्याने सीटमागून कापडी छत ओढलं. ते लावायला दोघं लागतात. एका बाजूची बटणं त्याने लावली, दुसऱ्या बाजूची मला लावायला सांगितली. गिरणीतले जुने, पुढे लोखंड असलेले बूट होते त्याच्या पायात, गाडी चालवताना तेच घालायचा. त्यांच्या नाड्या त्याने परत घट्ट बांधल्या. मग गाडी सुरू केली. जिनिंगच्या फाटकातून वॉचमन ओरडला, "नाना, आभाळ बघितलं का?" भावाने हात वर केला आणि निघाला.

हायवे सोडला तोवर थेंब नव्हता. आत तीन-चार किलोमीटर गेलो आणि एकदम आलं. आधी धूळ, मग वारा, मग गारा. पुढच्या काचेवरचा एक वायपर पहिल्या दहा गारांतच मोडला. छत माझ्या बाजूने, मी बटणं लावलेल्या बाजूने, सुटून फडफडायला लागलं. एका बाभळीखाली थांबूया असं तो म्हणाला, तेवढ्यात समोरच्या शेतात वीज पडली आणि बाभळीखाली थांबायची गोष्ट आम्ही दोघांनीही सोडली. मागे फिरलं तर चार किलोमीटर उघडा रस्ता. पुढे फरशी आणि तिच्यापुढे अर्ध्या मैलावर गाव.

फरशीवर वीतभर पाणी होतं. तो थांबला, बघितलं, आणि पहिल्या गिअरमध्ये हळू घातली. मधोमध गेल्यावर इंजिन बंद पडलं. त्याने सांगितलं होतं तसंच, जागेवर बसली. त्याने दोनदा किल्ली फिरवली. तिसऱ्यांदा फिरवताना माझ्या बाजूने, वरच्या अंगाने, लोंढा आला. वर कुठे डोंगरात किती पडलं होतं कोण जाणे. मी आयुष्यात पाण्याचा तसला रंग पाहिला नाही, चहासारखा. गाडी हलकी. आधी मागून सरकली, मग उजवं पुढचं चाक फरशीच्या काठावरून खाली गेलं आणि ती त्याच्या बाजूला कलंडून खाली जाऊन बसली. खालचा पत्रा दगडावर आपटून वर आला आणि त्याच्या बुटाचं लोखंडी टोक ब्रेकच्या पेडलखाली चिमटलं.

पाणी आधी त्याच्या मांडीला होतं. मी हाका मारायला लागले तेव्हा पोटाला. परात हातात आली तेव्हा छातीला.

सालदार नवरा-बायको बैलगाडी घेऊन गावाच्या बाजूने आली. त्यांना बघितल्यावर मला आधी वाटलं की मला दिसतंय ते खरं नाही. सातपुड्याकडची माणसं, त्या दिवशीच जुना मालक सोडून नव्याकडे निघालेली. गाडीवर एक बाज, दोन मडकी, गोणपाटात बांधलेली भांडीकुंडी, आणि सगळ्यावर प्लास्टिक ताणलेलं. बैलजोडी नव्या मालकाची, सामान आणायला सकाळीच दिलेली. बाई डोक्यावर घमेलं पालथं घालून चालत होती.

त्याने विचारपूस केली नाही. बैल सोडले, पण मानेवरचं जू तसंच ठेवलं. गाडीवरचा दोर काढला, एक टोक जुवाला बांधलं आणि दुसरं टोक घेऊन पाण्यात उतरून आमच्या गाडीच्या मागच्या बंपरला बांधलं. त्याशिवाय ती अजून खाली गेली असती. बायको बैलांच्या तोंडाशी उभी राहिली. गारा तिच्या घमेल्यावर आणि बैलांच्या पाठीवर पडत होत्या, आणि ती बैलांशी तिच्या भाषेत काहीतरी बोलत होती.

तो माझ्याजवळ आला. "बाई, डोकं धर. सोडू नको." मग भावाला म्हणाला, "आबा, पाय कुठला?"

"उजवा."

"हालवू नको."

त्याने एकदा बुडी मारली आणि रिकामा वर आला. बायकोला हाक मारली, तिने भांड्यांच्या गोणपाटातून विळा काढून फेकला, तो त्याने झेलला. दुसऱ्यांदा बुडी मारली. भावाच्या नाकाला पाणी लागलं तेव्हा मी परात टाकली आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं मागे ओढून धरलं. तो माझ्याकडे बघत होता. म्हणण्यासारखं एकच होतं, की चूक माझी, आणि ते त्या वेळी म्हणून त्याला श्वास मिळणार नव्हता. तिसऱ्या बुडीत सालदाराने बुटाच्या नाड्या आणि वरचं कातडं कापलं. पाय बुटातून सुटला तेव्हा भाऊ ओरडला. त्या ओरडण्याने मला कळलं की तो आहे.

आम्ही दोघांनी त्याला मागच्या बाजूने वर ओढलं. सालदार त्याच्या काखेत हात घालून, मी त्याची कॉलर धरून. फरशीवर पाणी गुडघ्याएवढं होतं, तिथून काठावर गेलो. विळा पाण्यातच राहिला होता.

आमचं तिघांचं वजन गेलं आणि गाडी उठली. लोंढ्याने तिला उचललं, उलटी केली आणि दोर ताणला. बैल काठाकडे ओढले जायला लागले. बाईने जुवाची शिवळ उपसली, म्हणजे मानेपाशी अडकवलेली खुंटी, त्याने अलीकडचा बैल सुटला. पलीकडच्याची शिवळ दोराखाली दबली होती. सालदार धावला. दोर कापायला हातात काही नव्हतं. त्याने दातांनी गाठ सोडवायला बघितली. बैल काठावरून घसरला, पुढचे पाय दुमडून पाण्यात गेला, आणि सालदार त्याच्यामागे जायला निघाला तर बायकोने त्याला कमरेला मिठी मारून मागे पाडलं. तो तिला मारत होता, सोड म्हणून. तिने सोडलं नाही.

गावातली माणसं आली तेव्हा गारा थांबल्या होत्या.

पारोळ्याच्या दवाखान्यात भावाच्या पावलाची दोन हाडं मोडलेली निघाली. पाणी छातीत गेलं होतं म्हणून आठ दिवस ठेवून घेतलं. बघायला येणारा प्रत्येक जण त्याला त्याच्या तोंडावर बोलून जायचा. म्हातारपणी मस्ती. बहिणीला मारायला निघाला होता. गाडी गाडी करून शेवटी काय. भावजय तर भिंतीकडे तोंड करून बोलायची, म्हणजे त्यालाच बोलायची. तो ऐकून घ्यायचा. मी बाजूला खुर्चीवर बसून चहा प्यायले तीन दिवस. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "तो नही म्हने. मीच चालाडाले लाई."

भावजय म्हणाली, "तुम्ही म्हनशात, पन हात तं तेनाच व्हता ना गाडीवर."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मोठी बहीण भावाला वाचवायला खोटं बोलते, असं त्यांनी धरलं. मी परत सांगितलं, एरंडोलला काय बोलले तेही सांगितलं. मायचं नाव निघाल्यावर कोणी पुढे ऐकायला तयार नव्हतं. भाऊ म्हणाला, "राहू दे, अक्का." तेवढंच. अजूनही आम्ही दोघंच बसलो तर ती गोष्ट निघत नाही. मी काढली तर तो उठून पाय शेकायला जातो. गाडी दोनशे फुटांवर एका बाभळीत तोंड खुपसून पडली आहे. ती आणायला त्याने कोणाला पाठवलं नाही, मलाही पाठवू दिलं नाही.

बरा झाल्यावर तो काठी टेकत सालदाराच्या नव्या मालकाकडे गेला, मी बरोबर होते. जनावराची किंमत त्याने भरून दिली. मालकाने सालदाराला कामावर ठेवलं, पण पहिल्याच दिवशी बैल घालवलेला माणूस म्हणून त्याच्या हाती परत जोडी दिली नाही, विहिरीवर पाणी भरायला लावलं. आम्ही मालकाला चार प्रकारांनी सांगून बघितलं. त्याने हो हो केलं आणि केलं नाही. सालदाराची बायको विहिरीपाशी भेटली. मी तिला साडी दिली, ती तिने घेतली. मग म्हणाली, तो बैल त्या दिवशी सकाळीच हाती आला होता, त्याचं नाव काय तेही मालकाला विचारायचं राहिलं होतं, म्हणून हाक मारता आली नाही.

त्या नाल्यातून माणसं चौघंही जिवंत निघाली. बैल गेला.